श्मित्झरावांच्या गाई काय खातात?

दीड महिन्यापूर्वी पुण्याहून भावजींचा फोन आला. "वहिनी, आई गेली." माझ्या तोंडून निघालं, "नीट बघितलंत ना?" पलीकडे भावजी रडता रडता हसले. कारण हा प्रश्न माझा नव्हताच, सासूबाईंचा होता. दूधवाला, डॉक्टर, बँकेतला कारकून आणि अर्थात मी, कुणाचंच पहिलं उत्तर आईंनी कधी खरं धरलं नाही. माझी आमटी त्या आधी हुंगायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, मग घास घ्यायच्या. मी पंचवीस वर्षं सुगरण म्हणून मिरवते, पण त्या नाकापुढे मी कायम उमेदवारच राहिले.

यांची नोकरी जर्मनीत, बॉनमध्ये, पण तिथली भाडी झेपेनात म्हणून आम्ही बाहेर एका खेड्यात राहायला गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट कुरण दिसायचं, आणि त्यात हेर श्मित्झच्या, म्हणजे आपल्या भाषेत श्मित्झरावांच्या, तपकिरी गाई. आई पहिल्यांदा आल्या त्या सप्टेंबरात. गाई बघून हरखल्या आणि दुसऱ्याच दिवशी पोळ्या करताना पहिली पोळी तूप लावून बाजूला काढली. गोग्रास. ती कुंपणावरून रोज गाईच्या तोंडात जायची. त्यातल्या कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या गोऱ्ह्याचं नाव त्यांनी चांद्या ठेवलं.

तेव्हा 'मॅड काऊ' या गाईंच्या रोगाच्या बातम्या पुण्याच्या पेपरांतही येत होत्या. गाईंना हाडांचा भुगा चारतात, हे आईंनी वाचलं होतं. त्यामुळे कुरणाच्या कडेला पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मोठाली गाठोडी रचलेली दिसली, तशी त्यांची झोप उडाली. "त्यात काय आहे गं? हाडं खाणाऱ्या गाईला मी गोग्रास देतेय की काय?" मला भीती वेगळीच होती. या गाई दुधाच्या नव्हत्याच, त्या मांसासाठी पाळलेल्या. हे आईंना कळलं असतं तर त्यांनी आमच्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. आमची ईशा पाच वर्षांची, कायम खरं बोलणारी, पण सुदैवाने ती खरं जर्मनमध्ये बोलायची.

आणि एके सकाळी हेर श्मित्झ दारात. हातात फ्रीझरची पिशवी, पिशवीत चिखलात पडलेली अर्धी पोळी. "तर मग, फ्राऊ जोशी, माझ्या जनावरांना कोण काय घालतंय?" त्यांना विषप्रयोगाचा संशय होता! मी गहू, पाणी, मीठ, तूप असं सांगत सुटले. ते म्हणाले, स्वयंपाकघरातलं अन्न जनावरांना द्यायला बंदी आहे, आणि पिठाने त्यांचं पोट बिघडतं. आई मागून म्हणाल्या, "आधी त्याला विचार, गाठोड्यात काय आहे ते."

श्मित्झ आम्हाला घेऊन गेले आणि चाकूने एक गाठोडं फाडलं. आंबूस वास आला. आईंनी मूठभर काढून हुंगलं, चुरगाळलं, पुन्हा हुंगलं. "अगं, हे तर गवताचं लोणचं!" मी भाषांतर केलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," श्मित्झ खुलले. मग सगळं सांगितलं. उन्हाळाभर कुरण, ऊन फार तापलं की जोडीला वाळलेलं गवत, थंडीत गोठ्यात हे लोणचं आणि पुन्हा वाळलेलं, आणि चाटायला मिठाचा दगड. दगडही आईंनी हुंगला. "बरं. पण याची धार कधी काढतात?" "दूध वासरंच पितात, आई." "सगळं? मग हा माणूस खातो काय?"

मी म्हटलं, "पाऊस येईलसं वाटतंय." आकाश निरभ्र होतं.

दुसऱ्या खेपेला त्या एप्रिलअखेर आल्या. गोठ्याचं दार उघडलं आणि गाई कुरणात शेपट्या वर करून उधळल्या, थोराड गाईसुद्धा वासरांसारख्या. आई टाळ्या वाजवत होत्या. मग थांबल्या. "चांद्या कुठाय?" श्मित्झनी माझ्याकडे पाहिलं. मी ढग शोधायला लागले.

"ढग नको बघूस. त्याला एवढंच विचार, शेवटपर्यंत गवतच खात होता ना?"

या वेळी मी शब्दन् शब्द भाषांतर केला. श्मित्झ बुटांकडे बघत म्हणाले, "गवत. थंडीत त्याचंच लोणचं आणि वाळलेलं. दुसरं काही नाही." आई बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या... पदराआडून फॉइलची पुडी काढली. सवयीने आणलेली पहिली पोळी. "ही याला दे. माणसाने खायला बंदी नाही ना?" श्मित्झनी पुडी उघडली, पोळी नाकाशी नेली आणि चांगली हुंगली. मी शरमले. आई मात्र प्रसन्न दिसल्या. "शहाणा आहे. मला खोटं सांगितलेलं नाही याने." 'याने'वर जोर होता.

त्या त्यानंतरही येत राहिल्या. गाईंबद्दल मला एकदाही काही विचारलं नाही. पोळी मात्र श्मित्झरावांकडे जात राहिली. त्या पुण्याला परतल्या की न्यायचं काम माझं.

भावजींचा फोन आला त्या आठवड्यात मी नेहमीसारखी पोळी घेऊन गेले आणि बातमी सांगितली. श्मित्झनी टोपी काढली. मग फॉइल उघडलं आणि इतक्या वर्षांनंतरही, घास घेण्याआधी, पोळी हळूच नाकाशी नेली.