माती बदलेपर्यंत

शिरीषच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. "अरे, शिरीष गेला... सकाळीच," एवढंच ती बोलू शकली. रेडमंडचा माझा स्टॉप केव्हा मागे गेला, कळलंच नाही. त्याला दीड महिना झाला. मेधाला विचारूनच हे लिहितोय.

माझा हा मित्र मूळचा नागपूरचा, पुरातत्त्व शिकलेला. मेधाच्या नोकरीपायी इकडे अमेरिकेत, सिॲटलजवळ आला आणि एका खासगी कंपनीत लागला. बांधकामाआधी जमिनीखाली जुन्या वस्तीच्या खुणा आहेत का, ते तपासायचं, पैसे बिल्डरचे. ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे आणि प्रत्येक खड्डा माती बदलेपर्यंत, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या थरापर्यंत न्यायचा. नियम चोख होते, पण खड्ड्यात डोकावायला कोणी येत नसे. सरकारी ऑफिस फक्त रिपोर्ट वाचायचं. बॉथेलला माझ्या अंगणात गुलाब लावायचा तरी हा पठ्ठ्या गुडघाभर खणायचा. मी चिडवायचो, "यार, गुलाब लावतोयस की विहीर खणतोयस?"

एका मॉलकडे मात्र तो कधी फिरकला नाही. एकदा मी तिथं पार्क करायला लागलो, तर म्हणाला, "इथं नको, प्लीज." मग गाडीतच बोलला. ती जागा त्यानंच तपासली होती. पावसानं खड्डे भरत होते, बिल्डर घाई करत होता. शेवटच्या ओळीतले खड्डे त्यानं अर्ध्यावर सोडले आणि रिपोर्टमध्ये पूर्ण दाखवले.

"रिपोर्ट अप्रूव्ह झाला ना? मग सोड की," मी म्हटलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. रिलीजच्या घाईत काय काय पास होतं, मला ठाऊक आहे.

"तेच तर. कोणी विचारलंच नाही रे. खाली काही होतं की नव्हतं, आता कधीच कळणार नाही... लाज वाटते." त्यानं मान वर केली नाही. माझ्या त्या 'सोड की'ची मला आजही लाज वाटते.

गेल्या रविवारी मेधानं त्याच्या आठवणीसाठी त्यांच्या अंगणात लावायला चेरीचं रोप आणलं. फावडं त्याचंच, खणायला मी. पाऊस सुरू झाला. रोप बसेल एवढा खड्डा झाला होता. "बास रे, पुरे झालं, भिजशील," मेधा दारातून म्हणाली. मीही फावडं टेकवलं... खाली अजून काळीच माती होती. मनातून शरमलो आणि फावडं पुन्हा उचललं.

"अगदी शिरीषसारखं करतोस," ती म्हणाली. मी मान वर केली नाही. माती अजून बदलायची होती.