दोन नाही, चार

आमच्या कॉलेजात संगणकाची सी भाषा शिकवत नाहीत, उतरवून घेतात. हे वाचून कुणी म्हणेल, मुलगी फार चढ्या आवाजात बोलते. बोलते. साठ मुलांच्या जर्नलमध्ये पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणाऱ्या खुणेच्या, प्रोग्रामचं उत्तर एकच: पहिला पत्ता ६५५२४, पुढचा ६५५२६. साठ जणांच्या संगणकांत आकडे नेमके त्याच जागी कसे बसले, हे कुणी विचारत नाही. सिनियरचं जर्नल आणायचं, निळ्या पेननं उतरवायचं, सही घ्यायची. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि मी या विषयात आधीच एकदा नापास. पुन्हा अडकले तर वर्ध्याला परत यायचं, असं घरच्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

तरी मी तो प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून पाहिला. दोन पत्त्यांत दोनचं नाही, चारचं अंतर. तीनदा चालवला. चारच. लॅब घेणाऱ्या मॅडमना सांगायला गेले, तर मान वर न करता त्या म्हणाल्या की जर्नलात दोन आहे, दोनच लिही.

संताप झाला. पण खरी चीड वेगळीच होती: चार का, हे मलाही सांगता येत नव्हतं. पॉइंटरमध्ये एक मिळवला तर एकच वाढायला हवा ना?

उत्तर सापडलं विश्रांतवाडीत, आमच्या विद्यार्थी गटाचं, मीच लिहिलेलं पाण्याच्या टँकरवरचं पत्रक वाटताना. सोसायटीच्या जिन्याखाली टपालपेट्यांची रांग होती. एका पेटीत कागद सरकवला की हात आपसूक पुढच्या पेटीवर. मी तिथंच थबकले. पुढची म्हणजे पुढची पेटी, पुढचा इंच नव्हे! पूर्णांकाची पेटी माझ्या मशीनवर चार बाइट रुंद, म्हणून एक पाऊल टाकलं की चार बाइट पुढे. जुन्या मशीनवर ती दोन बाइटची असायची. आमचं जर्नल अजून तिथंच राहत होतं.

उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. तीन नावांची यादी केली, रोमन अक्षरांत: मंडई, हिंजवडी, विश्रांतवाडी. नावं लहानमोठी, पण पेट्या बरोबर आठ-आठ बाइटांवर. कारण पेटीत नाव नसतंच, ते नाव कुठं राहतं त्याचा पत्ता असतो! दोन पेट्या पुढे गेले, आतला पत्ता काढला, त्यात चार मिळवले, छापलं. पडद्यावर आलं 'रांतवाडी'. रोमनमधली पहिली चार अक्षरं गायब, कारण अक्षराची पेटी एकाच बाइटची, इथं चार म्हणजे चारच. मी एकटीच मोठ्यानं हसले. वॉचमनकाकांनी विचारलं, नोकरी लागली का.

सोमवारी जर्नलात चार लिहून, खाली नावांच्या यादीचा प्रोग्राम जोडून लॅबमध्ये गेले. मॅडमचं पेन सहीच्या जागी येऊन थांबलं.

"तुला सही नकोय का?"

"हवीय, मॅडम. पण आधी तुम्ही एकदा चालवून बघा."

त्या उठून शेजारच्या मशीनवर स्वतः टाइप करायला बसल्या. चार. पुन्हा चालवला. चार. मग त्यांनी नावांच्या यादीचं विचारलं. मी टपालपेट्यांपासून सुरुवात केली आणि थांबलेच नाही. मध्ये एकदा त्यांनीच 'हळू' म्हणून सांगितलं.

त्यांनी सही केली, तारीख घातली.

"याचं पत्रक काढणार असशील."

अर्धं लिहून झालंय, असं मी सांगून टाकलं.

"मग त्यात पेट्यांचं लिही. नुसत्या शिव्या कोण वाचतं?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीच्या जर्नलात ६५५२६ होतं. मॅडमनी ते सही न करता परत दिलं आणि म्हणाल्या, चालवून आण. मग तिच्या मागच्याचं. मग उरलेल्या सगळ्यांचं.

ती मुलगी अजून माझ्याशी बोलत नाही.