अगाशीवरचा फोटो

निरुपमा सबनीसला आकाश बघायची सवय लागली ती सासूबाईंच्या आजारपणात. सासूबाई पावणेतीन वर्षं मागच्या खोलीत पडून होत्या. त्यांचे कपडे रोज निराळे धुवायचे, आणि ते वाळत घालायला बडोद्यातल्या तरसालीच्या त्या सोसायटीत अगाशीशिवाय, म्हणजे गच्चीशिवाय, जागा नव्हती. तीन जिने चढून गेलं की खालून कुणी हाक मारलेली ऐकू यायची नाही. कपडे वाळत घालून झाल्यावर निरुपमा पाच-सात मिनिटं तशीच उभी राहायची. मान वर करायची. तेवढं तिचं.

फोटो काढायला लागली तेव्हा तिचं वय त्रेपन्न होतं. मुलगी मोहना पुण्याहून सुट्टीला आली होती, तिने आईला नवा मोबाईल आणला. सगळं लावून दिलं. "आयडी बाबांचाच टाकते हं, आई. तू पासवर्ड विसरशील आणि मला फोन करत बसशील." निरुपमाने मान डोलावली. गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, मराठी मंडळाचा ग्रुप, घरातलं सगळं मुकुंदरावांच्या नंबरावर होतं. त्यात आणखी एक.

सासूबाई गेल्या, कपडे कमी झाले, अगाशीवर जाणं मात्र कमी झालं नाही. सकाळी पाण्याच्या टाकीवर ओळीने बसणारे पोपट. मकरपुऱ्याच्या कंपन्यांच्या बसची वाट बघत कडुनिंबाखाली डबे घेऊन उभी असलेली माणसं, वरून दिसणारी, नुसती डोकी आणि डबे. वैशाखातलं दुपारचं आकाश, ज्याला रंगच नसतो, धुतलेल्या जुन्या चादरीसारखं. हे सगळं ती टिपायची. कुणाला दाखवायची नाही. मुकुंदरावांना एक-दोनदा दाखवलं तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "छान आहे. पण यात नक्की बघायचं काय?"

मुकुंदराव मकरपुऱ्यात एका इंजिनिअरिंग कंपनीत पस्तीस वर्षं तपासनीस होते. सुटे भाग मापून पास-नापास करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी मोठा कॅमेरा घेतला, तो उभा करायचं तिकाटणं घेतलं, अलकापुरीतल्या एका क्लबात जायला लागले. कमाटीबागेत पहाटे जाऊन फुलांचे फोटो काढायचे. फुलं अगदी स्पष्ट यायची, पाकळीवरची शीर न् शीर. बघणारा "वा" म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. मुकुंदरावांना ते कळत होतं. आयुष्यभर पास-नापास करणाऱ्याला ते कळणारच.

यंदा मेच्या सुरुवातीला एकदा जेवताना त्यांनी ग्रुपवरची सूचना वाचून दाखवली. मंडळाने प्रदर्शन ठरवलं होतं, 'सरत्या उन्हाळ्याचं बडोदं'. प्रत्येक सभासद कुटुंबाकडून एक फोटो. त्यातले बारा निवडून पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेत नावासकट छापायचे.

निरुपमाचा हात आमटीच्या वाटीवर थांबला. "मी पाठवू का एखादा?"

"तू?"

"माझ्याकडे आहेत बरेच. आणि एक डोक्यात आहे."

मुकुंदरावांनी पुन्हा मोबाईलमध्ये पाहिलं. मग म्हणाले, "मोबाईलचे चालत नाहीत गं. कॅमेऱ्याचेच हवेत. लिहिलंय तसं."

"असं होय," ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

पण डोक्यातला फोटो डोक्यातून गेला नाही. शेजारच्या हंसाबेन दरवर्षी राजापुरी कैरीचा गोड छुंदा करतात. काचेच्या सात बरण्या, तोंडाला पांढरं मलमल बांधलेलं, अगाशीच्या कठड्याजवळ ओळीने उन्हात. संध्याकाळी त्या आत न्यायच्या. सूर्य खाली आला की बरण्यांमधून उजेड आरपार जायचा आणि भिंतीवर सात पिवळे चौकोन पडायचे. निरुपमाला हवं होतं ते एवढंच की त्याच वेळी मागे आभाळात ढग असावा. उन्हाळा संपत आल्याचा पहिला ढग, खालून करडा, कडेला तांब्याचा. प्रदर्शनाला नाही तर नाही. तिला तो बघायचा होता.

दहा दिवस ती सात वाजता वर गेली. दहाही दिवस आकाश कोरडं. अकराव्या दिवशी नैर्ऋत्येकडून एक लांबट ढग आला, अगदी सावकाश, आणि हंसाबेन बरण्या उचलायला आल्या.

"हंसाबेन, दहा मिनिटं. नका उचलू."

"अरे निरुबेन, हजी दस मिनिट? छुंदो बगडशे तो तमारे घेर मोकलीश हं!"

"पाठवा. सगळा खाईन."

"खाशो? डायाबिटीस मुकुंदभाईने छे के तमने?" हंसाबेन हसत हसत पदर खोचून उभ्या राहिल्या. पण त्यांना दम कुठला. सूर्य टाकीच्या कडेला टेकला आणि त्यांनी पहिल्या बरणीकडे हात नेलाच. त्याच क्षणी निरुपमाने बटण दाबलं. फोटोत सात बरण्या आल्या, ढग आला, आणि बांगड्यांनी भरलेला एक हात आला, बरणीला अजून न लागलेला. हात आला म्हणूनच तो फोटो झाला. तिला ते लगेच कळलं. ती कठड्यावर बसून पाच मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

रात्रीच्या जेवणाला मुकुंदराव म्हणाले, "आज ढग छान होता."

ते दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. गुडघ्यांमुळे अगाशीचे जिने तर त्यांनी चार वर्षांत चढलेले नव्हते. खिडकीतून दिसला असेल, असं तिला वाटलं. यांचंही आकाशाकडे लक्ष असतं म्हणून तिला बरं वाटलं. त्या रात्री तिने त्यांना आमरसाची दुसरी वाटी दिली.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी उद्घाटन होतं. निरुपमाने चंदेरी नेसली. हॉलमध्ये फळ्यांवर फोटो लावले होते, खाली चिठ्ठ्या. पहिल्याच फळ्यावर सुरसागरावरच्या घारींचा फोटो होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चिमणाबाई खानविलकर. मोबाईलवर टिपलेला.' पुढचा, 'मोबाईलवर.' त्याच्या पुढचाही. निरुपमा तीन चिठ्ठ्या वाचून थांबली. तिला वाटलं, नियम बदलला असेल. यांना सांगायला हवं होतं कुणीतरी.

चौथ्या फळ्यापुढे गर्दी होती. माणसांच्या खांद्यांवरून तिला आधी ढग दिसला.

फोटो मोठा करून चौकटीत बसवला होता. हंसाबेनचा हात तिच्या स्वतःच्या हाताएवढा दिसत होता. खाली चिठ्ठी: 'प्रथम पारितोषिक. मुकुंद सबनीस.'

तिने मुकुंदरावांना शोधलं. ते मंचाजवळ उभे होते, खांद्याला रिकामा कॅमेरा लटकावून. मंडळाचे कार्यवाह प्रतापसिंहराव त्यांना हाताला धरून वर नेत होते. शाल झाली, श्रीफळ झालं. मग मुकुंदराव माइकवर आले आणि म्हणाले, "अकरा दिवस वाट पाहिली. रोज संध्याकाळी सात वाजता. ढगाची आणि बरण्यांची गाठ पडत नव्हती. आणि शेवटी ज्या क्षणी पडली, त्या क्षणी तो हात पुढे आला. छायाचित्रणात संयम लागतो."

अकरा हा आकडा तिने त्यांना सांगितला होता. जेवताना, हसत हसत.

टाळ्या वाजल्या. मग मंडळात नेहमी होतं तसं झालं. प्रतापसिंहराव म्हणाले, "वहिनी! वहिनींशिवाय सत्कार पुरा होत नाही. या वर." कुणीतरी निरुपमाला कोपराने ढकललं. वर गेल्यावर तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि तोंडापुढे माइक धरला. "दोन शब्द, वहिनी. एवढा मोठा छायाचित्रकार घरात, कसं वाटतं?"

निरुपमाने माइककडे बघितलं. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "हा फोटो मी काढलाय," ती म्हणाली. "आमच्या अगाशीवर. माझ्या मोबाईलवर."

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला.

"घ्या!" प्रतापसिंहराव म्हणाले. "सबनीस, घरी गेल्यावर तुमचं काही खरं नाही! वहिनींनी हक्क सांगितला!"

"सगळ्या घरांत हेच हो," मागून एक बाई म्हणाल्या. "आमचे हे कविता वाचतात तेव्हा मीपण असंच म्हणणार आता."

निरुपमाने मुकुंदरावांकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. ते हसत होते. डोळ्यांच्या कडा पुसत, मान हलवत, अगदी कौतुकाने हसत होते. तिच्या हातातला माइक त्यांनी हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "खरंय, खरंय. अर्धं श्रेय तिचंच आहे."

पुन्हा टाळ्या.

गाडी मांजलपूरपर्यंत आली. मग मुकुंदरावच म्हणाले, "सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस."

"मोबाईलचे चालत नाहीत म्हणाला होतात."

"अगं, मला वाटलं होतं तसं."

"वाचून दाखवलंत."

त्यांनी सिग्नलकडे बघत गिअर बदलला. "माझा एकही लागला नसता तिथे. क्लबातली चार माणसं येणार होती. पस्तीस वर्षं नोकरी केली, कुणी एकदा स्टेजवर बोलावलं नाही मला. तुला काय फरक पडतो? चिठ्ठीवर नाव सबनीसच आहे ना? तू काय वेगळी आहेस?"

"तुम्हाला मिळाला कुठून तो?"

"म्हणजे? येतात ना माझ्या फोनमध्ये. मोहनाने आयडी लावला तेव्हापासून. तू काढलास की इकडे आपोआप येतो." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुला माहीत नव्हतं?"

निरुपमा खिडकीबाहेर बघू लागली. तीन वर्षं. पोपट, डबे, चादरीसारखं आकाश. आणि सासूबाईंच्या तेराव्यानंतर, सगळे पाहुणे गेल्यावर, बाथरूमच्या आरशात तिने स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो काढला होता. रडली होती की सुटली होती, ते तिचं तिलाच बघायचं होतं. तो फोटो कधीच कुणाला दाखवायचा नाही असं तिने ठरवलं होतं. तो यांनी त्याच दिवशी पाहिला असणार. तेव्हाही काही बोलले नव्हते.

घरी पोचल्यावर तिने मोहनाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई, बाबांनी मला तीन फोटो पाठवले होते. कुठला देऊ विचारलं. हा मीच सांगितला."

"कुणाचे आहेत ते विचारलंस?"

"अगं, तुझेच असणार, बाबांचे असे कुठे येतात?" मोहना हसायला लागली आणि मध्येच थांबली. "मला वाटलं, बिचारे रिटायर झाल्यापासून किती कोमेजलेत. तू समजून घेशील असं वाटलं. तू घेतेस ना नेहमी."

"घेते," निरुपमा म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुकुंदराव झोपलेले असताना, ती जेवणाच्या टेबलाशी मोबाईल घेऊन बसली. स्वतःच्या नावाचं खातं उघडायला पाऊण तास लागला. नाव काय, विचारल्यावर तिने 'निरुपमा' लिहिलं. आडनाव लिहिल्याशिवाय चालतं का ते बघितलं. चालत होतं. मग तिने मुकुंदरावांचा आयडी काढून टाकायला घेतला. मोबाईलने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की का? ती हो म्हणत गेली.

फोटोंचा कप्पा उघडला तेव्हा आत सव्वीस फोटो उरले होते. फोनची जागा भरते म्हणून मोहनानेच दिवाळीत काहीतरी दाबून दिलं होतं, त्यामुळे जुने सगळे फक्त यांच्या खात्यात होते. तीन वर्षांचं आकाश, छुंद्याच्या बरण्या, आरशातला चेहरा, सगळं आतल्या खोलीत घोरत असलेल्या माणसाच्या उशाशी. परत मागता आले असते. मोहनाला सांगितलं असतं तर तिने अर्ध्या तासात पाठवले असते. निरुपमा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी आणि त्याच्या दुसऱ्या संध्याकाळीही ती वर गेली. ढग आता रोज येत होते, पाऊस न देता निघून जात होते. कडुनिंबाखाली उभ्या माणसांच्या हातात डब्यांबरोबर छत्र्या आल्या होत्या. तिने काढायचे तेवढे फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी ती भाजी निवडत होती. मुकुंदराव बाहेरच्या खोलीत मोबाईल वरखाली करत होते. बराच वेळ करत होते.

"अगं," ते म्हणाले, "आपलं नेट बंद आहे का?"

"नाही."

"मग तुझे फोटो येत नाहीयेत. परवापासून एकही आलेला नाही." ते दारात येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर. "क्लबातल्यांना सांगितलंय मी, पावसाची मालिका करतोय म्हणून."

निरुपमाने गवारीची एक शेंग मोडली, शीर ओढून काढली.

"करा की," ती म्हणाली. "जिना तोच आहे."