पोत्यातली चिठ्ठी

ती घटना आजही आठवली, की माझा उजवा अंगठा आपोआप मुठीत लपतो. पोलिसातल्या अख्ख्या नोकरीत मी तलवारीपुढे उभा राहिलो, कोयत्यापुढे राहिलो, राजूरच्या रस्त्यावर एकदा पिसाळलेल्या बैलापुढेही राहिलो. बैलानेच माघार घेतली. पण जालना एमआयडीसीतल्या एका सुईने माझी जी गाळण उडवली, ती कुणा दरोडेखोराला जमली नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी चालू असताना एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, स्टील मिलच्या मागच्या भंगार शेडवर सलाईनच्या नळ्या धुऊन वाळत घातल्यात. कुरडया घालतात तशा!"

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि हवालदारासह निघालो. शेडमध्ये पोत्यांचा डोंगर होता. पायथ्याशी पन्नाशीची एक बाई उघड्या हातांनी प्लास्टिक निवडत होती. मी ऐटीत एका पोत्यात हात घातला.

"साहेब, हात नका घालू! सुया हायेत त्यात."

"मावशी, या हाताने बिळातून दरोडेखोर ओढून काढलेत."

वाक्य संपायच्या आत अंगठ्यात कळ गेली. रक्ताचा थेंब आला. मी लहान पोरासारखा अंगठा तोंडाकडे नेला, तशी बाई कडाडली, "तोंडात कायले घालता? साबनानं धुवा जल्दी!"

धुतला. पण घाम थांबेना. अंगठा भोपळ्याएवढा वाटू लागला. हवालदार मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. बाईलाही सोबत घेतलं, कारण तिच्या बोटांवर असल्या टोचण्यांची रांगोळीच होती.

डॉक्टरीणबाईंनी आमचं रक्त घेतलं, मला लगेच गोळ्या सुरू केल्या. "अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. सुई कुठल्या पेशंटची, हे कळलं तर बरं होईल. एचआयव्ही असो, कावीळ असो, अंदाज येतो."

आता गुन्हा आणि माझा जीव एकाच पोत्यात होता.

शेडमालकाला ठाण्यात समोर बसवलं. "रस्त्यावर सापडलं साहेब. घरगुती कचरा हाय," तो एकच पालुपद लावून बसला. पोत्यांतल्या पिशव्यांवरचे, दवाखाना ओळखायचे बारकोडचे स्टिकर खरवडून काढलेले होते. मी आवाज चढवला नाही. त्याला शेडवर आणलं, तेच पोतं समोर ठेवलं.

"घरगुती आहे ना? मंग पंचांसमोर तूच हात घालून दाखव."

तो दोन पावलं मागे सरला. भिंतीला टेकला. "टेम्पोत येतंय साहेब. दवाखाना कोन्ता, आईशप्पथ मले माहीत न्हाई."

मग हातमोजे घालून, चिमट्याने पोतं रिकामं केलं. तळाशी लाल पिशवीत एक चिठ्ठी निघाली: 'बाळंतीण वॉर्ड, सकाळ.' दुसऱ्या पिशवीत दुसरी. मावशी लांबूनच म्हणाली, "हे तर बियान्याच्या पिशवीतल्यावानी हाय. मी हंगामात जायचे ना कंपनीत. शिवायच्या आधी आत चिठ्ठी टाकावीच लागते."

चिठ्ठी घेऊन आम्ही नवीन जालन्यातले दवाखाने पालथे घातले. तिसऱ्या दवाखान्यात वॉर्डातल्या आयाने अक्षर ओळखलं. तिचंच होतं.

"धा वर्सं बियान्याच्या कंपनीत होते, साहेब. चिठ्ठीबगर पिशवी बांधली तर मुकादम सगळ्यांदेखत परत उघडायला लावायचा. तिच्याबगर हातच वळत न्हाई आता. पन सुया मी पांढऱ्या डब्यातच टाकते, बिलकुल!"

ती खरं बोलत होती. तिने वेगळं केलेलं सगळं स्टोअरचा सुपरवायझर एकत्र करायचा. स्टिकर खरवडायचा, पांढऱ्या डब्यातल्या सुया पोत्यात ओतायचा आणि जाळायला न्यायच्या गाडीऐवजी भंगारात विकायला टेम्पोत चढवायचा. बाहेरचं त्याने सगळं पुसलं. आत चिठ्ठी असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. संध्याकाळपर्यंत तो कोठडीत होता.

मी मात्र सुटलो नव्हतो. पोत्यात पाच चिठ्ठ्या निघाल्या. चार बाळंतीण वॉर्डाच्या, तिथल्या सगळ्या बायकांच्या तपासण्या झालेल्या, निर्धोक. पाचवी, आया एक दिवस बदलीवर गेली होती त्या दुसऱ्याच वॉर्डाची, तिथे तपासण्या नव्हत्या. माझी सुई कुठली? "सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवा."

तीन महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट आला. मी तो सतरा वेळा वाचला. काही नव्हतं. मावशीला पहिल्याच तपासणीत कावीळ निघाली होती, ब प्रकारची. रक्तातली, जुनी. त्या दिवशी ती औषधाच्या रांगेत दिसली. मी पेढा पुढे केला. तिने घेतला, हसली आणि म्हणाली, "तुमच्या सुईपायी एवढी पोती उपसली, साहेब. मह्या सुया कोन्त्या पोत्यातल्या व्हत्या?"

आरोपपत्र मी स्वतः लिहिलं होतं, पानन् पान पाठ होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. त्या दिवशी मी एवढंच शिकलो: पोत्यात हात घालण्याआधी, तिथे रोज कुणाचा हात असतो ते विचारावं. मी विचारलं नव्हतं. तिने न विचारताच सुयांचं सांगितलं होतं, आणि मी दरोडेखोरांच्या गोष्टी सांगत होतो.