अनझोरकाकांचं नाक आणि गिव्हीच्या नावाचा प्याला

जॉर्जियातल्या तेलावीत लग्न असो की मयत, जेवणाचा तमादा अनझोरकाकाच. तमादा म्हणजे प्याला उचलून बोलणारा. तो बोलतो तोवर बाकीच्यांनी घास चावायचा नाही की खुर्ची हलवायची नाही. काका सुरू झाले की ताटातलं मटण थंडगार. पण नाकाचं हाड वाकडं. लहानपणी कुस्तीत धाकट्या भावाने, गिव्हीने, डोकं हाणून वाकवलेलं. आता वाक्यावाक्याला धाप लागायची, आणि श्वासच नाही तर तमादा कसला? लोक कालच्या पोराला, वाख्तांगला, बोलवायला लागले होते. काकांनी हाय खाल्ली होती.

शेवटी नाकाचं ऑपरेशन करायचं ठरलं. काकांचं हृदय कच्चं, म्हणून डॉक्टर मेराबने पूर्ण भूल नको म्हटलं. नाक तेवढं बधिर करू. अट एकच, काकांनी गप्प पडून राहायचं. दाराबाहेर बसलेल्या नाटेलाकाकूंना हसू आवरेना. संसारभर त्या तरी दुसरं काय सांगत होत्या?

नाक बधिर, तोंड मोकळं. काकांनी आधी डॉक्टरच्या हातांना शुभेच्छा दिल्या, मग नर्सच्या आईबापांना, मग यंदाच्या द्राक्षांना. मेराबने ऐकून न ऐकल्यासारखं करून काम रेटलं. हाड सरळ करायची वेळ आली आणि काका म्हणाले, "आता आमच्या गिव्हीसाठी."

झालं! गेलेल्या माणसाच्या नावाचा प्याला. मेराबही तेलावीचाच, अशा वेळी हत्यार कसं चालवणार? तो हात आवरून उभा राहिला, नर्सही ताठ झाली. काकांनी गिव्हीच्या बारशापासून धरलं. गिव्ही शाळेत जाईतो नाकात मुंग्या आल्या, त्याचं लग्न लागेतो ठणका सुरू झाला, आणि तो दरीत कोसळला तेव्हा काकांच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. नर्सही रडत होती. मेराबच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा भूल उतरून गेली होती.

"काका, दुखत होतं तर सांगायचं नाही?"

"मधेच कसा थांबू? भाऊ आहे तो माझा."

पुन्हा सुई टोचली, हाड सरळ झालं.

द्राक्षतोडणीच्या मेजवानीला काका उभे राहिले. श्वास आता हवा तेवढा. गिव्हीचं नाव घेतलं आणि सवयीने हात नाकाकडे गेला. हाड सरळ होतं. गिव्हीने दिलेला बाक कुठेच लागेना. काकांना एकदम पोरकं वाटलं. दोन वाक्यं बोलून ते खाली बसले.

मटण अजून वाफाळत होतं. ऑपरेशन फसलेलं दिसतंय, असं लोक हळहळत जेवायला लागले.