भावजींचं व्हिएन्नाला जाणं

माझ्या आत्याच्या धाकट्या दिरांइतका परदेशात मुरलेला माणूस उभ्या नाशकात दुसरा नव्हता, आणि या गृहस्थांनी समुद्र ओलांडणं सोडाच, बोटीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. आत्या त्यांना भावजी म्हणे. मी तोंडावर काका म्हणत असे, पण लिहायला बसले की भावजीच आठवतात. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि आत्याकडेच राहत होते. भावजींचं तांबट आळीत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. व्हिएन्नाहून हेलेना नावाची एक चित्रकार बाई गोदाकाठचे घाट रंगवायला आली, तिला आंघोळीला घंगाळ हवं होतं, ते पोचवायला भावजी गेले आणि काही दिवसांत लग्न ठरवून बसले. घरात व्हायचा तो गोंधळ झाला. आत्याच्या सासूबाईंनी अन्न सोडलं. पण मुलगी नऊवारी नेसून तुळशीला पाणी घालायला लागली तशा त्या विरघळल्या, आणि एका सुधारक भटजींनी वैदिक पद्धतीनं लग्न लावलं. वर्षभर ती गुण्यागोविंदानं नांदली. मग तिकडे तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिला जावं लागलं. मुंबईच्या धक्क्यावर भावजींनी तिला सांगितलं, "तू हो पुढं. कागद झाले की आलोच मागोमाग."

त्या दिवसापासून भावजी व्हिएन्नात राहायला गेले. देह तेवढा तांबट आळीत असे. तिकडे बर्फ पडतं म्हणून ऐन वैशाखात त्यांनी लोकरीचा कोट चढवला, आणि घामानं निथळत गिऱ्हाइकांना हंडे दाखवू लागले. "अहो, कोट काढा की," असं कुणी म्हटलं, तर म्हणत, "थंडीची नाही हो, कोटाची सवय करतोय. थंडीचं तिथं गेल्यावर बघू." मिठाशिवाय उकडलेले बटाटे ते काट्यानं खात, आणि प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी येई ते "तिखट नाही ना, म्हणून" असं सांगत. जर्मन भाषेचं एक फाटकं पुस्तक त्यांनी पैदा केलं होतं. उच्चार सांगणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे ते स्वतःच ठरवत आणि दुकानातल्या रिकाम्या पिंपात तोंड घालून मोठ्यानं म्हणत. पिंपातून आवाज घुमून येतो तो अगदी सासऱ्यांसारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सासऱ्यांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. सासऱ्यांना न्यायला म्हणून मेतकुटाचा डबा मात्र कायम भरलेला असे. जुनं झालं की ते आम्हाला वाढलं जाई आणि डब्यात ताजं भरलं जाई. त्या काळात आम्ही फार मेतकूट खाल्लं.

आम्ही हसत होतो, पण ते पासपोर्ट मिळवण्याच्या खटपटीत होते, आणि पोलिसांच्या चौकशा पार पडून तो मिळालाही. आता त्या देशात शिरायचा परवाना, म्हणजे व्हिसा, तेवढा हवा होता. तो आणायला भावजी कोट घालून मुंबईला वकिलातीत गेले आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. अडलं होतं आमच्याच रीतीत. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाला, आपल्याकडे सगळ्या सुनांचं होतं तसंच, ताटातल्या तांदळात अंगठीनं नव्या सुनेचं नवं नाव लिहिलं गेलं होतं. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं निवडलेलं नाव, गोदावरी. भटजींनी लग्नाच्या दाखल्यात तेच घातलं. आणि तिकडून आलेल्या कागदात नवऱ्याला बोलावत होती हेलेना. तिथल्या साहेबानं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "तुमची पत्नी गोदावरी. मग या हेलेनाबाईंकडे कशाला जाताय? आणि गोदावरीबाई कुठं आहेत?"

भटजी मधल्या काळात वारले होते. शेवटी गोदावरी आणि हेलेना एकच, हे नाशिकच्या कोर्टात शपथेवर सांगायला खुद्द सासूबाई उभ्या राहिल्या. मी आधाराला बरोबर होते. इंग्रज मॅजिस्ट्रेटनं दुभाष्याकरवी विचारलं की मुलीला नाव असताना दुसरं का ठेवलं. "सून घरात आली की नाव बदलतात. त्यात विचारायचं काय? तुमच्यात नाही बदलत?" साहेब म्हणाला, आमच्यात फक्त आडनाव बदलतं. "म्हणजे अर्धंच काम करता की!" सासूबाई म्हणाल्या. सगळं कोर्ट हसलं, साहेबही हसला आणि त्यानं सही केली. पण घरी येताना टांग्यात सासूबाई एकदम रडायला लागल्या. "माझ्या हौसेपायी पोराचा संसार अडला गं." त्या दिवसापासून त्या देवापुढे बसून जपासारखं "हेलेना, हेलेना" म्हणत, सुनेला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची सवय व्हावी म्हणून.

कागद मुंबईला पोचले तोवर तिचा देशच शेजारच्या देशानं गिळला होता. वकिलातीवरची पाटी उतरली होती आणि भावजींना दुसऱ्या दाराशी पहिल्यापासून उभं राहावं लागलं. तरी माणूस खचला नाही. खेटे घालून घालून अखेर त्यांनी व्हिसाचा शिक्का मिळवला, बोटीचं तिकीट काढलं. आळीतल्या झाडून सगळ्या तांबटांनी हार घातले, सासूबाईंनी हातावर दही घातलं. भावजी मुंबईला गेले, आणि बोट सुटायच्या आतच युरोपात लढाई पेटल्याची बातमी आली. आता हिंदुस्थानचं सरकार आणि तिचं सरकार एकमेकांचे शत्रू झाले. बोट निघाली नाही. त्यानंतर तिचं पत्रही आलं नाही. ती सुखरूप होती की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग उरला नाही.

नाशिक रोडला उतरून टांग्यानं भावजी घरी आले ते अगदी साधे, चारचौघांसारखे होऊन. दुकानात वेळेवर बसत, भाव नीट सांगत, ताटात पडेल ते खात. रात्री पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपत. आळीतले लोक म्हणाले, चला, ताळ्यावर आला एकदाचा. ते ऐकून आत्या विहिरीवर धुणं धुता धुता थांबली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला नाही गं बघवत. देवा, भावजींना पुन्हा पहिल्यासारखं वेड लागू दे." असलं मागणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिच्या शेजारी बसून पिळे पिळताना मीही मनातल्या मनात तेच मागत होते.