रंगवलेला संडास आणि गोऱ्या मॅडम

"एकालाही आत सोडायचं नाही. मॅडम येऊन गेल्या की मग उघडा," साहेब तिसऱ्यांदा बजावून गेले. खाली वीसेक बायका टमरेल घेऊन उभ्या. शांताबाई वर बघून ओरडली, "मामा, कुलूप काढता, का तुमच्या खोलीत येऊन बसू?"

मी कर्वेनगरच्या एका वस्तीत सार्वजनिक संडासाचा केअरटेकर होतो. केअरटेकर म्हणजे झाडणं, धुणं, तुंबलं की बांबू घालणं आणि शिव्या खाणं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण या कामाला तेवढीही लागत नाही. संडासाच्या वरच एक खोली, त्यात मी आणि माझी बायको हिरा. ही गोष्ट ती असतानाची; ती वारली त्याला दोन वर्षं झाली. असती तर हे तिनेच सांगितलं असतं, मी नुसती मान डोलावली असती. आता डोलावायची कोणापुढे?

संडास बांधला परदेशच्या मदतीतून. चालवायची इथली एक संस्था, साहेब तिथले. मदत देणारे मधूनमधून माणूस पाठवतात, दिलेलं कामी आलं की वाया गेलं ते बघायला. त्याला इव्हॅल्युएशन म्हणतात. आमच्याकडे एक गोऱ्या मॅडम यायच्या होत्या. त्यांनी नापास केलं की मदत बंद, संडास बंद आणि आमची खोलीही गेली. पुण्यात दुसरं छप्पर आम्हाला नव्हतं.

साहेबांनी डोकं चालवलं. दोन दिवस कुलूप आणि आतबाहेर ऑइलपेंट. दारं, कड्या, नळ, सापडेल त्याला पिवळा रंग. लोकांनी जायचं कुठे? टेकडीवर. तिथे सकाळी सोसायट्यांतले आयटीवाले तब्येतीसाठी फिरतात. आमच्या बायका त्यांच्याच घरी पोळ्या लाटायच्या. आता झुडपाआडून उठून त्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं का?

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. बरोबर त्यांचं बोलणं मराठीत सांगणारी कोथरूडची एक मुलगी. साहेबांनी दोरी बांधून वस्ती लांब थोपवली होती. कुलूप काढलं. फरशी कोरडी ठणठणीत, वास फक्त रंगाचा. मॅडमनी एका दाराची कडी सरकवून बघितली. सरकेना, पेंटने चिकटली होती. दुसरी, तिसरी, तीच गत.

"रोज किती लोक येतात?"

"अख्खी वस्ती, मॅडम," साहेब म्हणाले.

मॅडमनी कडीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "काका, त्या म्हणतायत बांधलंय छान, पण वापरत कोणीच नाही. मदत थांबवा असं लिहितायत."

माझ्या मागेच जिन्यात उभ्या हिराने ऐकलं. मी म्हटलं, "थांब, साहेबांना विचारू."

"तुम्ही विचारत बसा," म्हणाली आणि गेली. दोरी सोडली आणि वस्तीकडे तोंड करून ओरडली, "उघडलं गं!"

बायका अशा घुसल्या की मॅडम भिंतीला चिकटल्या. शेवटचा हात सकाळीच मारलेला, त्यामुळे पाठ पिवळी. चिकटलेली दारं शांताबाईने लाथेने उघडली. बाहेर ताटकळणाऱ्या बायका साहेबांच्या घराण्याचा उद्धार करत होत्या. मॅडमनी विचारलं, काय म्हणतायत? पाच मिनिटांच्या शिव्या त्या मुलीने इंग्रजीत तीन शब्दांत उरकल्या. तेवढ्यात शांताबाई मोकळी होऊन आली.

"पोरी, नीट सांग तिला. म्हणावं, तुमच्याकडे पाहुणे आले की दोन दिवस धरून ठेवतात का?"

मुलगी लाल झाली, पण सांगितलं. मॅडम पोट धरून हसल्या. वहीतलं पान फाडलं, एक खोकं उलटं करून दारात बसल्या आणि दुपारपर्यंत माणसं मोजली. पाणी ओतून माझी कंबर गेली.

रिपोर्ट आला: संडास कामाचा आहे, बायकांच्या बाजूला कमी पडतो, वाढवावा, पाहुण्यांसाठी बंद ठेवू नये. त्या बाजूला चार दारं वाढली. आमची खोली राहिली. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं, कुलूप ही आपलीच आयडिया होती, गरज सिद्ध करायला. हिरा मागे बसून मोठ्याने खोकली.

मदत कामी आली का, ते रंगावरून कळत नाही. दोन दिवस बंद ठेवा आणि दारात उभे राहून शिव्या मोजा. एकही पडली नाही, तर खुशाल कायमचं कुलूप लावा.